हा फोन चंद्रोदय सांगेल का?

या प्रवासाला सामान एकच लागतं, एक प्रश्न: आज संकष्टी असेल, तर मी आत्ता ज्या गावी आहे तिथे चंद्रोदय किती वाजता?

प्रश्न घरगुती आहे, पण फोनची परीक्षा घ्यायला पुरेसा कडक आहे. तिथी काढायला गणित लागतं आणि गणिताला आजची तारीख-वेळ लागते. चंद्रोदय गावागणिक बदलतो. नागपुरात चंद्र मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो, त्यामुळे आपण कुठे आहोत हेही फोनला कळायला हवं. शिवाय आपण जे फोन हातात घेणार आहोत, त्यांच्या अभियंत्यांनी पत्त्यांची वही दिली, गजर दिला, कॅल्क्युलेटर दिला. संकष्टीचा विचार करण्याचं त्यांना काही कारणच नव्हतं. ती आपल्यालाच बाहेरून आणून फोनमध्ये घालावी लागेल. ज्या फोनमध्ये ती घालता येईल, त्यालाच स्मार्टफोन म्हणायचं. एवढी कसोटी पक्की करा आणि तीस वर्षं मागे चला.

ऑगस्ट १९९४, अमेरिकेचा आग्नेय भाग

बाहेर दमट उन्हाळा आहे. तुम्ही बेलसाउथ या टेलिफोन कंपनीच्या दुकानात शिरता आणि विक्रेता काउंटरवर एक काळी, जाडजूड वस्तू ठेवतो. आयबीएमने घडवलेला हा ‘सायमन’. उचलून बघा. वजन अर्धा किलो. कानाला लावला तर मनगटाला लगेच जाणवतं. समोरच्या बाजूला आकड्यांची बटणं दिसत नाहीत; तिथे एक उभा, लांबट, रंग नसलेला पडदा आहे. त्यावर बोट टेकवा, आकडे उमटतात. नंबर लावा, फोन लागतो. आकडे मिटवा आणि त्याच जागी पत्त्यांची वही उघडा, मग दिनदर्शिका, मग टिपणवही. इथून ईमेल जाते, फॅक्स जातो. टाइप करायला लागलात की पुढचं अक्षर कोणतं असेल याचा अंदाज बांधून तो मोजकी अक्षरं पुढे करतो.

विक्रेता किंमत सांगतो: दोन वर्षांच्या करारासह ८९९ डॉलर. सलग बोलत राहिलात तर बॅटरी तासाभरात उतरेल, हेही सांगतो.

फ्रँक कॅनोव्हा या अभियंत्याच्या कल्पनेतून आलेल्या या यंत्राचा नमुना लास वेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनी पाहिला होता. स्पर्शाचा पडदा, ईमेल, दिनदर्शिका. तुमच्या ओळखीच्या सगळ्या खुणा इथे आहेत. आता आपला प्रश्न विचारा. फोनच्या कडेला एक खाच आहे, तीत जाड मेमरी कार्ड बसतं आणि त्या कार्डावरून नवा प्रोग्राम फोनमध्ये आणता येतो. म्हणजे संकष्टीला आत यायला वाट आहे. पण त्या वाटेने आजवर आलं कोण? सायमनसाठी बाहेरच्या कंपनीने तयार केलेला प्रोग्राम एकच, ‘डिस्पॅचइट’. एका फोनमागे त्याची किंमत २९९ डॉलर. दुसरा कुणी लिहिलाच नाही.

कारण समजायला अवघड नाही. सायमन विकले गेले जेमतेम ५०,००० आणि १९९५ च्या फेब्रुवारीत विक्री थांबली. एवढ्या थोड्या फोनसाठी प्रोग्राम लिहिणं कुणाला परवडणार? आणि प्रोग्राम नाहीत तर एवढा महाग फोन घेणार कोण? तुमच्या कसोटीला इथे पहिली जोड मिळते: खाच असून भागत नाही, त्या खाचेसाठी लिहिणारी माणसंही लागतात.

सायमन बाजारातून गेला, त्याच वर्षी ३१ जुलैला कोलकात्यातून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना भारतातला पहिला मोबाईल कॉल केला. आपल्याकडे अजून फोनवर नुसतं बोलता येणं हेच अप्रूप आहे. तुम्ही पूर्वेकडे निघा.

फेब्रुवारी १९९९, टोकियो

तारीख २२. एनटीटी डोकोमोने आज ‘आय-मोड’ सुरू केलं आहे. हातातला फोन सायमनच्या मानाने पिसासारखा हलका आहे, पडदा चिमुकला. एक बटण दाबा आणि यादी उघडते: बँक, बातम्या, हवामान, आगगाडीचं वेळापत्रक. पैसे किती वेळ जोडलेले होतात यावर आकारले जात नाहीत, किती माहिती आली-गेली त्यावर आकारले जातात, म्हणून लोक निर्धास्तपणे वापरतात. इथल्या यशाचं मोठं श्रेय संपादनाच्या क्षेत्रातून आलेल्या मारी मात्सुनागा यांना दिलं जातं. शिगेताका कुरिता यांनी याच सेवेसाठी १७६ छोटी चिन्हं रेखाटली, ती पुढे जगभर इमोजी म्हणून पसरली. दोन वर्षांत ग्राहक दोन कोटींच्या घरात जातील.

इथे संकष्टी मिळू शकते. कुणी तसं पान तयार करून इंटरनेटवर ठेवलं तर तुम्ही ते उघडाल आणि वेळ वाचाल. पण लक्ष द्या, गणित कुठे होतं आहे? ते दूर कुठल्याशा सर्व्हरवर होतं आणि तुमच्या हाती फक्त उत्तर येतं. भुयारी रेल्वेत उतरा, सिग्नल जाऊ द्या आणि पुन्हा विचारा, फोन गप्प. दोन वर्षांनी याच फोनांवर जावा भाषेतले छोटे प्रोग्राम उतरवता येतील, तेही आखून दिलेल्या चौकटीत. आजचा हा फोन दुसऱ्याचं ज्ञान उत्तम दाखवतो. स्वतः नवं काही शिकत नाही. इंटरनेट असलं की फोन स्मार्ट, ही समजूत टोकियोतच सोडा.

सन २०००, स्टॉकहोम

एरिक्सनचा आर-३८० दिसायला चारचौघांसारखा आहे: पुढे बटणं, वर लहानसा पडदा. बटणांची झडप बाजूला करा आणि आतून लांबलचक आडवा पडदा निघतो, लेखणीने चालणारा. आत सिंबियन आहे, त्या काळची फोनसाठीची सर्वांत भरभक्कम ऑपरेटिंग सिस्टीम. आणि कंपनी हा फोन विकते आहे ‘स्मार्टफोन’ या नावाने. या नावाने बाजारात आणलेला पहिला फोन म्हणून इतिहासात त्याचीच नोंद होणार आहे.

तुम्ही उत्साहाने प्रश्न पुढे करता आणि दार बंद असल्याचं कळतं. या फोनमध्ये मालकाला नवा प्रोग्राम घालताच येत नाही. जे कारखान्यातून आलं तेवढंच. सायमनकडे नाव नव्हतं पण खाच होती. इथे नाव आहे, खाच नाही. पुढच्याच वर्षी नोकियाचा ९२१० कम्युनिकेटर सिंबियनवरच येईल आणि बाहेरच्या प्रोग्रामांना आत घेईल. ऑपरेटिंग सिस्टीमचं कूळ तेच, तरी एक फोन तुमच्या कसोटीला उतरतो आणि दुसरा उतरत नाही. फरक पडतो तो कंपनीच्या निर्णयाने.

सन २००४, मुंबई

हाजी अलीला हिरा पन्नाच्या गाळ्यांमधून हिंडताना काचेखाली तुम्हाला दोन नोकिया शेजारी शेजारी दिसतात. एक ३१००, दुसरा ६६००. दोघांना बटणं, दोघांना रंगीत पडदा. दोघांवर गेम चालतात. किमतीत मात्र मोठं अंतर आहे. गाळेवाल्याला कारण विचारा.

“साहेब, यात ब्लूटूथ, यात कार्ड, यात कॅमेरा. आणि यात सॉफ्टवेअर टाकता येतं.”

शेवटचं वाक्य त्याने सहज म्हटलं, पण सगळं त्यातच आहे. ६६०० हातात घ्या. गोलसर, जाड, तळहातात बसणारा. मधोमध छोटी जॉयस्टिक. प्रोसेसर १०४ मेगाहर्ट्झचा. मेनूचं बटण दाबून धरा, या क्षणी कोणकोणते प्रोग्राम चालू आहेत त्यांची यादी समोर येते. एक मागे ठेवून दुसऱ्यात जा, पहिला बंद पडत नाही.

आता समजा, तुमच्या ओळखीतल्या अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याने रात्री जागून चंद्रोदयाचं गणित या फोनमधल्या सिंबियनसाठी लिहिलं आहे. तो त्याच्या कॉम्प्युटरवरून ब्लूटूथने फाइल पाठवतो. तुमच्या इनबॉक्समध्ये ती संदेशासारखी येऊन पडते. उघडा. फोन सावध करतो: पाठवणारा कोण याची खात्री करता येत नाही, तरीही पुढे जायचं का? तुम्ही होकार देता. कुठे ठेवू, फोनच्या मेमरीत की कार्डावर? कार्डावर. काही सेकंद पट्टी सरकते आणि मेनूत नोकियाच्या चित्रांच्या शेजारी एक नवं चित्र येऊन बसतं. ते उघडा, आजची तारीख प्रोग्रामने फोनच्या घड्याळातून स्वतःच घेतली आहे. गाव तुम्ही निवडा, किंवा ब्लूटूथवर चालणारा वेगळा जीपीएस जोडा. सिग्नल नसला तरी उत्तर मिळतं.

३१०० मध्येही जावाचे प्रोग्राम चालतात, मग तो स्मार्टफोन का नाही? तिथे प्रोग्रामचा आकार ६४ केबीत बसवावा लागतो. तो कुंपणात राहतो. फोनच्या बाकीच्या अवयवांना हात लावायची त्याला जवळपास मुभा नाही आणि तुम्ही बाहेर पडलात की तोही थांबतो. ६६०० मध्ये बाहेरून आलेला प्रोग्राम घरच्या प्रोग्रामांच्या पंक्तीला बसतो. घड्याळ, मेमरी, ब्लूटूथ, पडदा हे सगळं तो वापरू शकतो, कारण ते कसं वापरायचं याची माहिती कंपनीने प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी खुली ठेवली आहे. फीचर फोन आणि स्मार्टफोन यांच्यातली सीमारेषा इथून जाते.

या मोकळेपणाची किंमतही याच वर्षी दिसते. जून २००४ मध्ये ‘कॅबिर’ नावाचा किडा सापडला. तो ब्लूटूथवरून याच जातीच्या फोनांमध्ये शिरतो आणि आत आला की आणखी सावज शोधत ब्लूटूथ सतत चालू ठेवून बॅटरी खातो. शिरतो कसा? तुमच्या चंद्रोदयासारखाच, होकार मिळवून. ज्या फोनला अनोळखी प्रोग्राम घेता येतो, त्याला अनोळखी रोगही होऊ शकतो. त्या काळात गावोगावी हातात दिसणाऱ्या नोकिया ११०० ला ही भीती नव्हती, आणि चंद्रोदयाची आशाही नव्हती.

जानेवारी २००७, सॅन फ्रान्सिस्को

९ तारखेची सकाळ, मॉस्कोनी सेंटरचं सभागृह गच्च भरलं आहे. मंचावर ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज. मागच्या पडद्यावर त्या काळचे नामांकित स्मार्टफोन: मोटो क्यू, ब्लॅकबेरी, पाम ट्रिओ, नोकिया ई-६२. या फोनांच्या बटणांवर जॉब्ज यांचा आक्षेप आहे. फोन एकदा विकला की बटणं हलवता येत नाहीत, मग उद्या सुचलेल्या कल्पनेला लागणारं बटण आणायचं कुठून? उत्तर म्हणून ते आयफोन दाखवतात: साडेतीन इंचांचा पडदा, बोटाने चालणारा. गाण्यांची यादी बोटाने वर सरकते आणि सभागृहात टाळ्या उसळतात. तुम्हालाही वाजवाव्याशा वाटतील, वाजवा.

मग २९ जूनला दुकानात जा, ४९९ डॉलर मोजा आणि आपला जुना प्रश्न विचारा. प्रोग्राम टाकायची सोयच नाही. त्याच महिन्यात जॉब्ज यांनी प्रोग्रामरांना सांगितलं आहे की वेब पानं लिहा, ती सफारीत चालतील. म्हणजे तुम्ही पुन्हा टोकियोत आलात, फक्त पडदा अतोनात सुंदर आहे. आपल्या कसोटीने पहिल्या वर्षीचा आयफोन स्मार्टफोन ठरत नाही आणि हिरा पन्नातला ६६०० ठरतो. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण मी त्यावर ठाम आहे.

एक वर्ष पुढे सरका. १० जुलै २००८ ला ॲप स्टोअर उघडतं, ५०० प्रोग्रामांनिशी. पहिल्याच शनिवार-रविवारपर्यंत एक कोटी ॲप उतरवली जातात. सायमनला जे कधीच लाभलं नाही ते इथे एका आठवड्यात घडतं: लिहिणारे आणि वापरणारे एकमेकांना भेटतात. आता जॉब्ज यांच्या त्या कोऱ्या पडद्याचा खरा उपयोग कळतो. चंद्रोदयाच्या ॲपला चंद्राची कोर काढायची आहे, काढू द्या. नकाशावर गाव बोटाने निवडायचं आहे, निवडू द्या. पडदा ज्याच्या ताब्यात जातो त्याचं रूप घेतो. २२ ऑगस्टला आयफोन थ्रीजी भारतात येतो, ८ जीबीचा ३१,००० रुपयांना, आणि त्यात जीपीएस आहे. तुमचं ॲप आता गाव विचारतही नाही.

मात्र एक नवी अट आली आहे. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावं लागतं, तसं इथे प्रत्येक ॲपला ॲपलची मंजुरी लागते. पैसे घेऊन विकलं तर ३० टक्के त्यांचे. ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसीने घडवलेला जी-१, विक्रीला येतो. त्यात दुकानाबाहेरचा प्रोग्रामही टाकता येतो, एक सेटिंग बदलून आणि स्वतःच्या जबाबदारीवर. घालता येतं का, या प्रश्नाच्या शेजारी इथून पुढे दुसरा प्रश्न कायमचा उभा राहतो: कुणाच्या परवानगीने?

जुलै २०१७, पुन्हा मुंबई

बिर्ला मातुश्री सभागार, २१ तारीख. रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानी जिओफोन जाहीर करत आहेत, ‘इंडिया का स्मार्टफोन’ म्हणून. अनामत १,५०० रुपये, तीन वर्षांनी परत मिळणारी. हातात घ्या: बटणं, २.४ इंचांचा पडदा, आत ४जी. ज्यांच्या घरात इंटरनेट कधी आलं नाही, त्यांच्या हातात तो जाणार आहे आणि ही लहान गोष्ट नाही.

त्यात काय-ओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि स्वतःचं ॲपचं दुकानही आहे. चंद्रोदय त्या दुकानात असेल तर मिळेल, नसेल तर तुमचा तो विद्यार्थी मित्रही तुम्हाला सहजी देऊ शकणार नाही. व्हॉट्सॲप या फोनवर यायला सप्टेंबर २०१८ उजाडला. वर्षभर लाखो माणसांना जे हवं होतं ते त्यांना स्वतः घालता आलं नाही. दोन कंपन्यांचं जमेपर्यंत थांबावं लागलं. म्हणून याला ‘स्मार्ट फीचर फोन’ असं जोडनाव मिळालं आणि ते योग्यच आहे.

जोडनावाचा हा खल निव्वळ पंडिती वाटू देऊ नका. बँकेचं ॲप, शाळेचा वर्ग, डॉक्टरची वेळ हे सगळं ‘स्मार्टफोन आहेच’ असं गृहीत धरून आखलं जातं. ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्यासाठी वेगळी वाट बांधावी लागते. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनवरून पैसे पाठवायला ‘यूपीआय १२३ पे’ आणलं, ते याच गरजेतून. घरात फोन आहे एवढ्यावर समाधान मानून योजना आखली, तर ११०० वाला, जिओफोनवाला आणि अँड्रॉइडवाला एकाच रांगेत मोजले जातात आणि तिघांपैकी दोघे काउंटरवरून परत फिरतात.

४ जानेवारी २०२२, कुणाच्याही कपाटाचा खण

शेवटचा मुक्काम. खण उघडा, आत जुना ब्लॅकबेरी आहे. चार्ज करा, दिवा लागतो. कीबोर्डचं एकही बटण निखळलेलं नाही, पडद्यावर ओरखडा नाही. पण आजपासून कंपनीने जुन्या ब्लॅकबेरी सिस्टीमच्या सेवा बंद केल्या आहेत. या फोनवरून कॉल किंवा संदेश भरवशाने होतील याचीही हमी उरलेली नाही. सिंबियनच्या वाट्याला हे आधीच आलं होतं: ३० जून २०१७ नंतर व्हॉट्सॲपने त्याची साथ सोडली. यंत्रातला एकही भाग न बिघडता फोनचं स्मार्टपण संपू शकतं, हे फक्त इथे येऊनच कळतं.

आता आठवा कुठे कुठे काय मिळालं. स्पर्शाचा पडदा १९९४ मध्येच होता. इंटरनेट १९९९ मध्ये होतं. नाव २००० मध्ये आलं. यांतल्या एकट्यादुकट्याने भागलं नाही. भागलं ते बनवणाऱ्याला न सुचलेलं काम मालकाला फोनमध्ये घालता आलं तेव्हा, त्या कामाला फोनचं घड्याळ, जागा, मेमरी वापरता आली तेव्हा, आणि ते काम लिहून देणारी माणसं भेटली तेव्हा. चौथी अट या खणाने शिकवली: हे सगळं पुढेही चालू राहिलं पाहिजे. स्मार्टफोन कारखान्यातून अर्धवटच बाहेर पडतो. तो पुरा करण्याचं काम तुमच्याकडे आणि तुम्हाला कधीही न भेटलेल्या प्रोग्रामरांकडे असतं, आणि ते थांबलं की तो पुन्हा नुसता फोन होतो.

म्हणून पुढचा फोन घ्यायला जाल तेव्हा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. याला अपडेट किती वर्षं मिळणार? आणि कंपनीने दिलेलं नको असेल तर काढून, मला हवं ते यात कुणाच्या परवानगीने घालता येईल? विक्रेत्याला लगेच सांगता आलं नाही तर थांबा, त्याला शोधायला लावा. पैसे तुम्ही याच दोन उत्तरांचे मोजता आहात.